‘त्या काळी’ म्हणजे नेमके कधी?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एस.टी.त माझ्या शेजारी दापोली तालुक्यातल्या एका खेड्यातले गुरुजी येऊन बसले. मी कॉलेजात मराठी शिकवतो हे कळल्यावर ते म्हणाले, “सर, बरे झाले भेटलात. एक अडचण आहे माझी.”

अडचण अशी होती. गुरुजींनी वर्गात ‘श्यामची आई’मधले ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण वाचून दाखवले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वाचले असेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली एक म्हातारी आहे. तिच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि कोणी उचलून द्यायला तयार नाही. श्यामची आई ते पाहते आणि श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम तसे करतो. गुरुजींनी पुस्तक मिटले. वर्ग गप्प होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “गुरुजी, आई एवढी चांगली होती, तर मग आंघोळ कशाला करायला सांगितली?”

“मी काय सांगणार?” गुरुजी म्हणाले. “मी म्हटले, बाळ, त्या काळी तसेच होते. तर ती म्हणते, त्या काळी म्हणजे कधी? शिवाजी महाराजांच्या काळी? सर, मला साल सांगता आले नाही हो. पुस्तकात तर कुठे लिहिलेले नाही.”

गुरुजी पुढल्या फाट्यावर उतरून गेले, पण प्रश्न माझ्याबरोबर रत्नागिरीपर्यंत आला. ‘त्या काळी’ हा शब्द आपण शिक्षक मंडळी किती सहज वापरतो! काळ म्हणजे जणू एक मोठी कणगी आहे आणि पेशवाई, प्लेग, आजोबांचे बालपण सारे तिच्यात एकत्र भरून ठेवले आहे. मुलीने त्या कणगीचे झाकण उघडून आत काय काय आहे ते विचारले, एवढेच. म्हणून आज मी तुम्हांला सांगणार आहे की कादंबरीत साल लिहिलेले नसले तरी ते कसे शोधायचे, आणि शोधून उपयोग काय.

पहिली गोष्ट ही की हे काम काही फार मोठ्या विद्वानाचे नव्हे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना वय विचारून बघा. ती आकडा सांगत नाहीत. “रामदास बोट बुडाली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो,” असे कोणी म्हणेल. “कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी माझे लग्न ठरले,” असे कोणी म्हणेल. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ रोजी, आणि तिच्यात सहाशेच्या वर माणसे गेली. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. झाले, साल मिळाले. कादंबरीतले साल शोधायचे ते असेच. माणसाच्या आयुष्यातली गोष्ट जगाच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला नेऊन बांधायची.

यासाठी दोन गडगे घालावे लागतात. आगराला आपण जसे चिऱ्याचे किंवा धोंड्यांचे गडगे घालतो, तसेच. एक मागचा गडगा. गोष्ट याच्या अगोदर घडलेली असूच शकत नाही, हे सांगणारा. दुसरा पुढचा गडगा. गोष्ट याच्यानंतर घडलेली असूच शकत नाही, हे सांगणारा. या दोन गडग्यांमध्ये जी जागा उरेल तिच्यात आपले साल आहे. गडगे जितके जवळ येतील, तितके उत्तर नेमके.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो, तो मात्र फार उशिरा बांधला गेला. राजा तेथे राहायला गेला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. आता समजा, एखाद्या कादंबरीत कोणी रत्नागिरीकर संध्याकाळी त्या राजवाड्यावरून जातो आहे आणि राजा गच्चीत उभा राहून खाडीकडे बघतो आहे. लेखकाने साल सांगितलेले नाही. पण तुम्हांला ते कळलेच की! राजवाडा झाला आहे, म्हणजे मागचा गडगा १९१०. राजा जिवंत आहे, म्हणजे पुढचा गडगा १९१६. गोष्ट या सहा वर्षांतली. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली आलेल्या इंग्रजी कादंबरीत हा राजा आणि ही रत्नागिरी आहे. तिच्यात १९०५ साली गावात नवा कलेक्टर येतो, तेव्हा राजाचे कुटुंब टेकडीवरच्या जुन्या बंगल्यात राहते. नवा राजवाडा तेव्हा झालेलाच नव्हता. लेखकाने हे सांभाळले आहे. नसते सांभाळले तर आपल्या गावच्या शाळेतल्या मुलानेही त्याची चूक पकडली असती.

आता खुणा कुठे शोधायच्या? चार ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण म्हणजे पैसा आणि मापे. रुपया, आणे, पै हा जुना हिशेब. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, म्हणजे नवे पैसे. शेर-मण जाऊन किलो आले तेही त्याच्याच मागोमाग. पण येथे एक खड्डा आहे, तो चुकवावा. १९५७ नंतरही लोक पंचवीस पैशांना ‘चार आणे’च म्हणत राहिले. पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले, तोवर म्हणत होते. म्हणून कादंबरीतला कोणी नुसता ‘चार आणे’ म्हणाला, तर त्यावरून गडगा घालू नये. मात्र वाण्याने वहीत रुपये, आणे, पै असा हिशेब मांडला असेल, तर तो गडगा पक्का. तोंडातली भाषा उशिरा बदलते, वहीतला हिशेब लवकर बदलतो.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रवास. मुंबई ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. पुण्याचा माणूस सरळ गाडीत बसून घाट उतरून मुंबईस येतो असे लिहिले असेल, तर गोष्ट १८६३ नंतरची. आपल्या कोकणात मात्र आगबोटीचे राज्य. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांत बोट लागायची आणि पडावातून उतारू किनाऱ्यावर यायचे. कोकण रेल्वेची सगळी वाट खुली झाली ती जानेवारी १९९८ मध्ये. नायक मुंबईहून थेट रत्नागिरी स्टेशनात उतरला, तर ती गोष्ट आजोबांच्या काळातली असू शकत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे कायदा आणि जमीन. खोतीचेच घ्या. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण ‘खोत’ हे आडनाव गेले नाही, आणि दरारा तर काही घरांत पुढेही बरीच वर्षे राहिला. म्हणून पात्राला ‘खोत’ म्हटले एवढ्यावर जाऊ नका. खोत कुळांकडून खोत म्हणून, हक्काने वसुली करतो आहे का, ते पाहा. करत असेल तर पुढचा गडगा तेथे घाला.

पुस्तक छापले गेले ते सालही पुढचा गडगाच असते. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये आली, म्हणजे तिच्यातली गोष्ट १९५२ च्या पुढची नाही, हे न वाचताच कळते. पण त्याच पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ आली १९८७ मध्ये. जगबुडीकाठच्या खोत घराण्याच्या कितीतरी पिढ्या तिच्यात आहेत. येथे १९८७ हा आकडा काही कामाचा नाही, कारण लेखक जाणूनबुजून मागे गेला आहे. तेव्हा छपाईचे साल नेहमी बघावे, पण त्याच्यावर विसंबून राहू नये.

चौथे ठिकाण म्हणजे रोग आणि आपत्ती. माणसे सगळे विसरतील, पण साथ विसरत नाहीत. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, पुण्यात त्याने कहर केला १८९७ मध्ये. पुढे वीस-पंचवीस वर्षे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

ही सारी हत्यारे घेऊन आता आपण ‘श्यामची आई’कडे वळू. हे पुस्तक कादंबरी म्हणावे की आठवणी म्हणाव्यात, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. साल शोधण्याची रीत दोन्हींना सारखीच लागू पडते.

येथे आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या पुस्तकात एक नव्हे, तीन घड्याळे चालू आहेत. पहिले घड्याळ लिहिण्याचे. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिले. दुसरे घड्याळ सांगण्याचे. पुस्तकातला मोठा झालेला श्याम आश्रमातल्या आपल्या सोबत्यांना रोज रात्री प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो. हा आश्रम, ती प्रार्थना, ते सेवेचे वातावरण, हे सारे गांधीयुगातले आहे, म्हणजे १९२० नंतरचे. तिसरे घड्याळ घडण्याचे. त्यात श्याम लहान आहे, आई आहे, वडिलांचे कर्ज आहे. गुरुजींच्या वर्गातल्या मुलीने विचारले होते ते या तिसऱ्या घड्याळाबद्दल.

तर या तिसऱ्या घड्याळाचे काटे बघू. श्याम शिकायला दापोलीला राहतो आणि पायी घरी येतो. बैलगाडी आहे, हर्णै बंदर आहे. घर खोताचे आहे, पण सावकाराने ते पोखरले आहे. एवढ्यावरून फार तर इतके कळते की गोष्ट आगबोटी सुरू झाल्यानंतरची आणि खोती जाण्याच्या आधीची. हे गडगे फारच लांब लांब आहेत. त्यांच्यामध्ये दोन-तीन पिढ्या मावतील.

पुढे प्लेगचे सावट येते. म्हणजे मागचा गडगा सरकून १८९६ वर आला. नंतर श्याम औंध संस्थानात शिकायला जातो, कारण तेथे गरीब विद्यार्थ्याची सोय होईल अशी आशा आहे. विद्येला आश्रय देणारे संस्थान असा औंधचा लौकिक झाला तो बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, आणि ते गादीवर आले १९०९ मध्ये. तेव्हा औंधचा भाग आपण १९०९ नंतरचा धरू.

आता पुढचा गडगा. येथे जे लिहिले आहे त्याच्याइतकेच जे लिहिलेले नाही तेही बघावे लागते. श्यामच्या घडण्याच्या काळात गावात खादी नाही, चरखा नाही, असहकार नाही. ते सारे आश्रमात आहे, पालगडात नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत घरोघर माणसे मरत आहेत, स्मशानात जागा नाही, असे इन्फ्लुएन्झाचे वर्णनही कुठे नाही. आई गेली ती दारिद्र्याने आणि आजाराने खंगून. १९१८ च्या शरदात ती गेली असती, तर ती भयंकर साथ पुस्तकात आल्यावाचून राहिली नसती. अर्थात मौनाचा पुरावा हा थोडा कच्चा असतो. लेखक एखादी गोष्ट विसरतो किंवा मुद्दाम गाळतो. तेव्हा त्यावर भक्कम नव्हे, कुडाचे कुंपण घालावे. पण आपण घालून बघू. आईचा मृत्यू १९०९ नंतर आणि १९१८ च्या साथीच्या आधी, असे उत्तर येते.

आता उत्तर ताडून बघण्याची सोय आपल्याला आहे. साने गुरुजींचा जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. त्यांच्या मातोश्री यशोदाबाई वारल्या नोव्हेंबर १९१७ मध्ये. म्हणजे आपले दोन्ही गडगे योग्य जागी पडले. लेखकाचे चरित्र हाताशी नसते, तरी केवळ पुस्तक वाचून आपण खऱ्या सालाच्या अगदी जवळ पोहोचलो असतो.

मग मोळीचा प्रसंग कधीचा? श्याम तेव्हा शाळकरी मुलगा आहे. साने गुरुजींचे वय बघता तो प्रसंग १९०५ ते १९१२ च्या दरम्यानचा धरायला हरकत नाही. शिवाजी महाराजांच्या काळचा तर नव्हेच. त्या मुलीच्या पणजीच्या किंवा तिच्याही आईच्या बालपणीचा.

बरे, साल सापडले. आता मुलीच्या मूळ प्रश्नाचे काय? आंघोळ कशाला?

सालाचा उपयोग येथे होतो. १९१० च्या सुमाराचे कोकणातले खेडे डोळ्यांपुढे आणा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून सतरा वर्षे आहेत. तो झाला मार्च १९२७ मध्ये. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर सर्वांना खुले होऊन उभे राहायचे आहे १९३१ मध्ये. अस्पृश्यता नष्ट झाल्याचे राज्यघटनेने सांगायला चाळीस वर्षे आहेत. अशा गावात चारचौघांच्या देखत एक आई आपल्या मुलाला म्हातारीच्या मदतीला पाठवते. लोकांनी बोल लावला, तर उत्तर तयार पाहिजे ना? मी घरी जाऊन आंघोळ करणार आहे, हेच ते उत्तर. ती आंघोळ म्हणजे गावाला दिलेली किंमत होती. ती किंमत देऊन आईने त्या दिवसापुरती मदतीची वाट मोकळी केली. एक पाऊल पुढे टाकले आणि दुसरे जुन्याच जागी ठेवले.

पण थांबा. एवढे सांगून आपण सुटलो असे समजू नका. ‘त्या काळी तसेच होते’ हे वाक्य साल लावल्यावरही पुरते खरे ठरत नाही. कारण त्याच काळात, त्याच मुलखात, सगळेच तसे नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८ मध्ये लिहिली होती. सैन्यातून निवृत्त होऊन ते राहिले होते दापोलीतच. म्हणजे ज्या दापोलीच्या शाळेत श्याम गेला, त्याच दापोलीत विटाळाला शास्त्रात आधार काय, असा प्रश्न श्यामच्या जन्माआधी अकरा वर्षे विचारून झाला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्योद्धाराचे मिशन मुंबईत १९०६ मध्ये काढले. आणि पालगडच्या शेजारचा तालुका मंडणगड. त्या तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सुभेदार पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीतच होते. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले आणि मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. श्यामची आई त्या वेळी जिवंत होती.

म्हणून सालाने दोन कामे होतात. एक, आपण आईला आजच्या मापाने मोजून तिच्यावर अन्याय करत नाही. दोन, ‘त्या काळी’ असे म्हणून त्या काळाला सरसकट माफीही देत नाही. ज्याला विटाळ सोसावा लागत होता तो तेव्हाही ओरडून सांगत होता. ज्याला तो पाळायचा होता त्याला ऐकू येत नव्हते, एवढेच. आईला थोडेसे ऐकू आले होते.

आता तिन्ही घड्याळे पुन्हा एकत्र ठेवून बघा. साने गुरुजी हे लिहीत आहेत फेब्रुवारी १९३३ मध्ये. त्याच्या आधी पाचच महिने, सप्टेंबर १९३२ मध्ये, येरवड्याचा करार झाला होता. मंदिरप्रवेशाची चर्चा देशभर चालली होती. प्रकरणाचे ‘देवाला सारी प्रिय’ हे नाव बहुधा या १९३३ च्या घड्याळातले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संवाद कोणालाच शब्दशः आठवत नाहीत. ते लिहिणाऱ्याच्या मनातून, लिहिण्याच्या वेळची भाषा घेऊन येतात. मग या प्रकरणातले १९१० चे अस्सल नाणे कोणते? माझ्या मते, ती आंघोळ. साने गुरुजींना आई केवळ थोर दाखवायची असती आणि १९३३ च्या वाचकाला खूश करायचे असते, तर त्यांनी आंघोळ गाळली असती. ती गैरसोयीची आहे. तरी ठेवली, कारण तसे घडले होते. जी गोष्ट लेखकाच्या हेतूला अडचणीची असूनही त्याने लिहिली, ती बहुधा खरी असते. मुलीच्या डोळ्यांत सलली ती आंघोळच, म्हणजे साल शोधायला सर्वांत उपयोगी पडणाऱ्या खुणेवरच तिने बोट ठेवले होते.

आणखी एक साल सांगतो आणि मग पुरे करतो. मे १९४७. घरी येऊन आंघोळ करणारा हा मुलगा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून तो उपोषणाला बसला आहे, आणि मंदिर खुले होते. १९१० च्या मोळीपासून १९४७ च्या पंढरपुरापर्यंत सदतीस वर्षे लागली. साल लावले नसते, तर हे अंतर आपल्याला दिसले नसते. आईचे अर्धे राहिलेले पाऊल मुलाने पुरे केले, हेही कळले नसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात करणे फार सोपे आहे. फळ्यावर खडूने एक लांब आडवी रेघ ओढा. तिच्यावर आपल्या जिल्ह्याची पाच-सात ठळक साले मांडा. प्लेग १८९६, थिबा राजवाडा १९१०, इन्फ्लुएन्झा १९१८, रामदास बोट १९४७, खोती गेली १९४९, नवे पैसे १९५७, कोयनेचा भूकंप १९६७, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१, रेल्वे १९९८. मग कोणताही धडा किंवा कादंबरीतले पान वाचा आणि मुलांना खुणा शोधायला सांगा. दिवा कसला आहे, रॉकेलचा की विजेचा? पत्र किती दिवसांनी पोहोचले? आजारी माणसाला कशातून नेले? प्रत्येक खुणेसाठी एकच प्रश्न विचारा, ही खूण मागचा गडगा घालते की पुढचा? आणि घरी जाऊन आजीला विचारायला सांगा, तुझ्या लहानपणी हे होते का? पुस्तकात न सापडणारी कितीतरी साले आजीपाशी असतात.

मी हे सारे त्या गुरुजींना पत्राने कळवले. पंधरा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. त्यांनी फळ्यावर रेघ ओढली होती. मोळीचा प्रसंग रेघेवर कोठे बसतो ते मुलांनीच ठरवले होते, आणि त्या मुलीने आपल्या पणजीचे जन्मसाल विचारून आणून त्याच्या शेजारी लिहिले होते. मग तिने नवा प्रश्न विचारला होता, “गुरुजी, त्या म्हातारीचे नाव काय होते?”

मी पुन्हा पुस्तक काढून ते प्रकरण पाहिले. आईचे नाव आपल्याला ठाऊक आहे, श्यामचे आहे, गावाचेही आहे. मोळी वाहणाऱ्या म्हातारीला नाव दिलेले नाही. साल शोधता येते, तिचे नाव आता कोणत्याही खुणेवरून मिळायचे नाही. गुरुजींना मी तसेच लिहिले. आणि सांगितले की त्या मुलीने रेघेवर त्या जागी एक रिकामी चौकट काढून ठेवावी.